खाण तशी माती : छोट्या जातीचं निरोगी पिल्लू निवडताना

म्हैस घ्यायला निघालेला कोल्हापूर जिल्ह्यातला शेतकरी एकटा जात नाही. तो जाणकाराला सोबत नेतो, दात बघतो, कास बघतो, कितवं वेत ते विचारतो, समोर धार काढून घेतो आणि मगच भावाचं बोलतो. १९६३ साली गोकुळ दूध संघ उभा राहिला, त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही पारख आहे. त्याच घरातला मुलगा शहरात फ्लॅट घेतो आणि पोरांच्या हट्टापायी शित्झूचं पिल्लू आणायचं ठरवतो, तेव्हा मात्र व्हॉट्सअॅपवरचे चार फोटो आणि एक छोटा व्हिडिओ बघून आगाऊ पैसे पाठवून मोकळा होतो. पिल्लाची आई कुठं आहे, हे विचारायचं त्याच्या मनातही येत नाही.

पग, शित्झू, पॉमेरियन, ल्हासा आप्सो, चिवावा, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर या छोट्या जातींची पिल्लं ब्रीडरकडून घेताना काय बघावं, कायदा काय म्हणतो, कागद किती उपयोगाचे, कुठल्या जातीत कोणती दुखणी वंशानं उतरतात आणि मुळात अशी कुत्री पैदा करावीत का, या सगळ्याचा हा आढावा आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. पिल्लाचं आरोग्य आपण त्याला उचलून घेतो त्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं. ते आईबापात ठरतं, आईच्या पोटात ठरतं आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत ठरतं. म्हणून निवडायची ती आई आणि तिला सांभाळणारा माणूस. पिल्लाची पाळी सर्वात शेवटी.

शिकारी कुत्र्यांच्या मुलखात

कोल्हापूरला कुत्र्याची पारख नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथं चित्त्यांकरवी हरणांची शिकार होत असे. पलीकडे मुधोळचे घोरपडे संस्थानिक शिकारी हाउंडची निगुतीनं पैदास करत. सांगली जिल्ह्यातल्या जत भागात आणि सीमाभागातल्या गावांत कारवान हाउंड आजही पाळले जातात. मुधोळजवळ तिम्मापूरला मुधोळ हाउंडसाठी सरकारी संशोधन केंद्रही आहे. या कुत्र्यांची निवड पळण्यावर, दमावर आणि आईबापांच्या कामगिरीवर होत आली. जे कुत्रं धापा टाकायचं, त्याची पिल्लं कुणी नेत नसे. निवडीचा असा कस असल्यामुळे दुबळेपणा आपोआप मागे पडत गेला.

छोट्या जातींना हा कस कधी लागलाच नाही. त्यांचं काम मांडीवर बसणं आणि गोड दिसणं. त्यातून मागणी वाढली ती पडद्यावरून. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधला पांढराशुभ्र टफी घराघरात पोचला आणि पांढऱ्या केसाळ कुत्र्यांना दिवस आले. २००३ साली हच मोबाइलच्या जाहिरातीतला पग मुलाच्या मागे मागे फिरला आणि पग हवाच म्हणणाऱ्यांची रांग लागली. मागणी एकदम वाढली, की पैदाशीत चाळणी लावायला कुणालाच सवड राहत नाही. जी कुत्री माजावर आली तिला जो मिळेल तो नर दाखवला जातो.

दिसणं बदलण्याचा हा खेळ फार जुना नाही. पॉमेरियनचे पूर्वज चांगले थोराड होते. १८८८ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं फ्लॉरेन्सहून छोट्या चणीचा पॉमेरियन आणला आणि तिच्या आवडीमुळे छोट्या पॉमची चाल पडली. आज या जातीचं वजन दीड ते सव्वातीन किलोच्या आसपास अपेक्षित धरतात. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून ज्याला हाक मारली जाते तो सात-आठ किलोंचा पांढरा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्यात कमीपणा काही नाही. उलट तो इथल्या हवेला सरावलेला, काटक आणि लांब तोंडाचा असतो. फक्त पॉमेरियनचे पैसे मोजून स्पिट्झ घेऊ नये.

कुठल्या जातीत काय

छोट्या चणीच्या सगळ्याच जातींत काही दुखणी सामाईक आहेत. पहिलं म्हणजे गुडघ्याची वाटी सरकणं. चालता चालता कुत्रं मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालतं आणि पुन्हा नीट चालू लागतं. मालकाला ती गंमत वाटते. पशुवैद्यक या दोषाच्या एक ते चार पायऱ्या मानतात, वरच्या पायऱ्यांना शस्त्रक्रिया लागते. आठ आठवड्यांच्या पिल्लात हे ठामपणे सांगता येत नाही. आईबापांचे गुडघे मात्र वर्षाचं वय ओलांडल्यावर हातानं तपासून सांगता येतात. म्हणून प्रश्न त्यांच्याबद्दल विचारायचा.

दुसरं दुखणं दातांचं. जबडा लहान, दात तेवढेच बेचाळीस. दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत, दाटी होते, हिरड्या सडतात. तिसरं श्वासनलिकेचं. पॉमेरियन, यॉर्कशायर आणि चिवावात नलिकेच्या कूर्चा मऊ पडून ती चपटी होते आणि बदकासारखा कोरडा खोकला येतो. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालून ओढणं त्रासाचं, छातीवरून जाणारा हार्नेस बरा.

आता जातवार बघू. पगचं सगळं दुखणं त्याच्या चेहऱ्यात आहे. कवटी आखूड केली, पण आतला टाळू, जीभ, नाकातली हाडं त्या मानानं आखडली नाहीत. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग लांबलेला, त्यामुळे हवा आत जायलाच वाट अपुरी. कुत्र्याला घामानं अंग थंड करता येत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. ज्याला धापही नीट टाकता येत नाही, त्याची एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरातही दैना होते. रात्री घोरतो म्हणून कौतुक करतात, ते घोरणं म्हणजे श्वासाची ओढाताण असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या पगमध्ये वर्षभरात एखादा तरी आजार निघण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या सुमारे १.९ पट आढळली, आणि श्वासमार्गाच्या या दोषाची सुमारे ५४ पट. याखेरीज बाहेर आलेल्या डोळ्यांना इजा, त्वचेच्या घड्यांत जंतुसंसर्ग आणि मणक्यांचे दोष आहेतच.

शित्झू आणि ल्हासा ही मूळची तिबेटकडची, दाट केसांची कुत्री. शित्झूचंही तोंड आखूड, पण पगइतकं टोकाचं नसतं. त्याचे डोळे जपावे लागतात. डोळ्यातलं पाणी कमी होणं, बुबुळावर जखम होणं, एखाद्या हिसक्यानं डोळा खोबणीतून पुढे येणं, हे या जातीत घडतं. मूत्रपिंडाची वाढ जन्मतः अपुरी असण्याचा दोष शित्झूत आणि ल्हासात वंशानं येतो. त्यात कोल्हापूरचा पावसाळा. चार महिने दमट हवा, लांब केस, ओले पाय आणि गोचीड. केस विंचरायला रोज वेळ नसेल तर ही जात घेऊ नये.

चिवावाच्या टाळक्यावर मऊ खड्डा राहू शकतो. छोटा खड्डा पुष्कळदा निरुपद्रवी असतो. पण डोकं घुमटासारखं मोठं, डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले आणि पिल्लू सुस्त असेल तर डोक्यात पाणी साठल्याची शंका घ्यावी. माल्टीज आणि यॉर्कशायरमध्ये यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी जन्मतः असू शकते. असं पिल्लू वाढत नाही, जेवणानंतर गुंगल्यासारखं करतं. पोटभर जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी रक्तातली पित्ताम्लं मोजून हे कळतं. पॉमेरियन आणि माल्टीजमध्ये हृदयाजवळची जी नळी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती उघडी राहण्याचा दोष दिसतो. साध्या स्टेथोस्कोपनं तो आठव्या आठवड्यात पकडता येतो आणि वेळेवर पकडला तर शस्त्रक्रियेनं बरा होतो.

या यादीनं घाबरून जायचं कारण नाही. छोटी कुत्री सर्वसाधारणपणे मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात. यादीचा उपयोग एवढाच, की ब्रीडरपुढे बसल्यावर काय विचारायचं ते कळतं.

कायदा काय म्हणतो

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारनं २३ मे २०१७ रोजी कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम जाहीर केले. ते वाचले तर ग्राहकाचं निम्मं काम होतं. पैदास करून विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं पाहिजे. कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत तिचं वेत घ्यायचं नाही, आठ वर्षांनंतरही नाही. वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही. मायक्रोचिप, लसी आणि औषधोपचार यांच्या नोंदी ठेवायच्या. दुकानांसाठी २०१८ साली वेगळे नियम आले, त्यांनाही नोंदणी लागते.

आता जरा हिशेब करू. छोट्या जातीच्या कुत्रीला एका वेळी फार पिल्लं होत नाहीत. चिवावा किंवा पॉमला एक ते तीन हे नेहमीचं. वर्षाला एक वेत धरलं तर तीन कुत्र्या सांभाळणाऱ्या माणसाकडे वर्षाकाठी सहा-आठ पिल्लं होतील. तीही ठरावीक महिन्यांत. मग जो माणूस ‘कुठली जात पाहिजे सांगा, रविवारपर्यंत देतो’ म्हणतो, तो ब्रीडर नसून दलाल आहे, हे वेगळं सांगायला नको. त्याच्याकडची पिल्लं दहा ठिकाणांहून गोळा केलेली असतात. दहा ठिकाणचे रोगही त्यांच्यासोबत येतात. पुण्या-मुंबईहून किंवा बेंगळुरूहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं खोक्यात घालून आलेल्या पिल्लाची आई तुम्हाला कधीच दिसणार नाही.

आठ आठवड्यांची अट अनेकांना जाचक वाटते. आपल्या बाजारात ‘पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू’ हा जणू दंडकच होऊन बसला आहे, काही जण महिन्याचंही देतात. कारण उघड आहे. पिल्लू लहान तेवढं गोंडस, आणि विकणाऱ्याचा शेवटच्या काही आठवड्यांचा खाण्याचा, लसीचा खर्च वाचतो. पण नेमक्या याच काळात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकत असतं. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे त्याला भावंडंच शिकवतात. अमेरिकेतले स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर दीर्घकाळ संशोधन करून १९६५ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात पिल्लाला माणसांची, आवाजांची, जगाची सवय होण्याचा काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यानचा असल्याचं दाखवलं आहे. छोट्या जातींच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा इतका कमी असतो, की लवकर तोडलेलं, प्रवासानं दमलेलं पिल्लू चार-सहा तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात. चिवावासारख्या अगदी छोट्या जातीची पिल्लं पुष्कळ जाणते ब्रीडर दहा-बारा आठवड्यांपर्यंत देतच नाहीत.

वयाची थाप पकडायची तर तोंड उघडून बघा. दुधाचे अठ्ठावीस दात सहा ते आठ आठवड्यांत येऊन जातात. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील तर पिल्लू दोन महिन्यांचं नाही.

कागदाचं मोल

आपल्याकडे ‘पेपरचं’ आणि ‘विदाऊट पेपर’ असे पिल्लांचे दोन भाव असतात. पेपर म्हणजे बहुतेक वेळा केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. ही संस्था चेन्नईत आहे आणि तिचं वंशावळीचं प्रमाणपत्र देशात सर्वमान्य आहे. त्यावर आईबापांची, आजा-पणज्यांची नावं असतात आणि मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक यंत्र लावून पिल्लाच्या अंगावर वाचून घ्यावा. कागद एकाचा आणि पिल्लू दुसऱ्याचं, असं होऊ नये.

पण हा कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. कागदाचं कुत्रंही धापा टाकणारं असू शकतं. कागदाचा खरा उपयोग वेगळाच आहे. आईच्या आणि बापाच्या बाजूची नावं शेजारी ठेवून वाचा. एकच नर दोन्हीकडे पुन्हा पुन्हा दिसत असेल तर जवळच्या नात्यात पैदास झाली आहे. २०१६ साली केंद्रानं व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर निर्बंध घातले. त्यामुळे अनेक जातींचा देशातला साठा मर्यादित आहे. एखादा नर प्रदर्शनात बक्षीस घेऊन आला की चहूकडून त्यालाच मागणी येते. त्याच्यात दडलेला एखादा दोष मग शेकडो पिल्लांत पसरतो.

दुसरा कागद लसीचं कार्ड. त्यावर नुसती पेनानं लिहिलेली तारीख चालत नाही. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, पशुवैद्यकाची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर ‘सगळ्या लसी पूर्ण’ लिहिलेलं असेल तर ते कार्ड आणि तो माणूस दोन्ही सोडून द्या. जंताचं औषध मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला दिलेलं असायला हवं.

तिसरा कागद साधी पावती. जात, जन्मतारीख, चिप क्रमांक, किंमत आणि ‘आपल्या पशुवैद्यकाकडे तपासून दोष निघाल्यास इतक्या दिवसांत परत’ अशी अट. पुढे तक्रार घेऊन ग्राहक आयोगापुढे उभं राहायची वेळ आली तर हाच कागद बोलतो. व्हॉट्सअॅपवरच्या गोड बोलण्याचा तिथं उपयोग कमी.

ब्रीडरच्या घरी

जायचं ते ठरवून, पण पहिल्याच भेटीत पिल्लू घरी आणायचं नाही असं मनाशी पक्कं करून. सोबत लहान मुलं नकोत, ती रिकाम्या हातानं परत येऊ देत नाहीत.

आधी जागा बघा. कुत्री घरातल्या माणसांत वावरतात, की मागच्या शेडमध्ये पिंजऱ्यात आहेत? लघवीचा उग्र वास, ओली फरशी, जाळीवर उभं राहून सुजलेले पाय ही लक्षणं बोलकी असतात. मग आई बघा. व्यालेली आई थोडी वाळलेली, केस गळालेली असणं साहजिक आहे. पण ती माणसाला घाबरून कोपऱ्यात दबते का, अंगावर येते का, तिचा श्वास कसा चालतो, हे बघा. पग किंवा शित्झू असेल तर आईला अंगणात तीन मिनिटं चालवून, थोडं पळवून दाखवा म्हणा. केंब्रिज विद्यापीठानं आखलेल्या श्वासचाचणीचा गाभाही हाच आहे: आधी ऐका, तीन मिनिटं पळवा, पुन्हा ऐका. पळण्याआधीच घरघर ऐकू येत असेल तर तिच्या पिल्लांचा विचार सोडा. बाप बहुधा दुसऱ्याचा असतो, त्याचा व्हिडिओ आणि मालकाचा फोन मागा.

विचारायचे प्रश्न सोपे आहेत. हिचं हे कितवं वेत? मागचं कधी झालं? पिल्लं नैसर्गिक झाली की सिझरनं? आईबापांचे गुडघे, डोळे, हृदय कुणी तपासलं, कागद दाखवाल का? मागच्या वेतातली पिल्लं कुणाकुणाकडे गेली, त्यांच्याशी बोलता येईल का? चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला विचारतो: घरी दिवसा कोण असतं, आधी कुत्रं पाळलंय का, गच्चीला कठडा आहे का. जो तुमची काहीच चौकशी न करता फक्त ‘गुगल पे करा’ म्हणतो, त्याला पिल्लाचं पुढं काय होतं याच्याशी देणंघेणं नाही.

इथं दुसरी बाजूही मांडायला हवी. इमानानं पैदास करणाऱ्याचा खर्च मोठा असतो. छोट्या कुत्र्यांची बाळंतपणं अडतात, रात्री-अपरात्री सिझर करावं लागतं, दोनातलं एक पिल्लू जातं. तपासण्यांचे पैसे वेगळे. एवढं करून तो दोन हजारानं किंमत जास्त सांगतो, आणि गिऱ्हाईक घासाघीस करून दलालाकडे जातं. मग चांगला माणूस हा धंदा सोडतो. बाजार बिघडवण्यात विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही वाटा आहे.

पिल्लू हातात घेण्याआधी आणि नंतर

आधी लांबून सगळी पिल्लं एकत्र खेळताना बघा. एकटं कोपऱ्यात बसलेलं, सगळ्यात लहान, दया येईल असं पिल्लू नेमकं आपल्याला खुणावतं. दयेपोटी घेतलेलं पिल्लू पुष्कळदा दवाखान्यातच वाढतं. सगळ्यात आक्रमकही नको. खेळणारं, हाक मारली की येणारं, दचकलं तरी पुन्हा सावरणारं पिल्लू बरं.

मग नाकपुड्या बघा. त्या मोकळ्या, गोलसर असाव्यात. फटीसारख्या बारीक नकोत. तोंड बंद असताना श्वासाचा आवाज येता कामा नये. डोळे स्वच्छ, पाणी न गळणारे. कानात काळपट घाण नको. तोंड उघडून टाळू फाटलेला नाही ना ते बघा, हिरड्या गुलाबी आहेत का ते बघा. फिक्या हिरड्या म्हणजे जंत, गोचीड किंवा आणखी काही. बेंबीजवळ मऊ गाठ असेल तर हर्निया. पोट टपोरं आणि बरगड्या दिसत असतील तर जंत. शेपटीखाली ओलसर, घाण जागा असेल तर जुलाब चालू आहेत. नर असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत का ते बघा. टाळक्यावर हलक्या बोटानं खड्डा चाचपा. मग गुळगुळीत फरशीवर न ठेवता चटईवर चालवून बघा.

शेवटची तपासणी पशुवैद्यकाची. तीही ब्रीडरच्या नव्हे, आपल्या. पिल्लू घेतल्यापासून दोन दिवसांत हृदय आणि फुप्फुसं ऐकून घ्यावीत. गुंतागुंतीचा दोष वाटला तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत परळला जुनं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे.

दोन आमिषांपासून मात्र सावध राहा. अगदी इवलं कुत्रं म्हणून विकली जाणारी ‘टीकप’ नावाची कुठलीही जात कुठल्याही केनेल क्लबच्या नोंदीत नाही. वेतातली सगळ्यात खुरटी पिल्लं एकमेकांशी लावून किंवा सरळ उपाशी ठेवून हे सोंग उभं केलं जातं. अशा कुत्र्यांची हाडं पिचतात, साखर उतरते, भूल दिली तर जीव धोक्यात येतो. दुर्मीळ रंगांचंही तेच. ठिपकेदार मर्ल रंगाचे दोन प्राणी एकमेकांशी लावले, तर काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघतात. रंगासाठी जादा पैसे मागणारा आरोग्याबद्दल काय सांगतो, ते नीट ऐका. बहुधा काहीच सांगत नाही.

पहिले पंधरा दिवस

पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा सर्वात मोठा वैरी आहे. संसर्ग झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी, कधी पंधरवड्यानं लक्षणं दिसतात. म्हणजे विकताना टुणटुणीत असलेलं पिल्लू आठवड्यात रक्ताचे जुलाब करू शकतं. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. ज्या घरात नुकतंच पार्व्होनं पिल्लू गेलं, तिथं लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नये. फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुवावी, फिनाइलवर विसंबू नये.

छोट्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या. दूध-बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे. ब्रीडर जे देत होता तेच आठवडाभर द्या, मग हळूहळू बदला. पिल्लू लुळं पडलं, डोलू लागलं तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळा आणि दवाखाना गाठा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक, आणि तासगावची द्राक्षं-बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला. चॉकलेटही नको. लसी पूर्ण होईपर्यंत रंकाळा तलावावर खाली सोडून फिरवू नका, पण कडेवर घेऊन रस्ता, गर्दी, हॉर्न, सायकली जरूर दाखवा. घरात कोंडून वाढवलेलं पिल्लू दिवाळीच्या फटाक्यांना कायमचं घाबरतं.

अशी कुत्री पैदा करावीत का?

हा प्रश्न आता जगभर विचारला जातोय. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या छोट्या जातीची नेहमीच्या पद्धतीनं पैदास करणं प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं, कारण जवळपास सगळ्या वंशात हृदयाचे आणि कवटीचे दोष मुरले आहेत. नेदरलँड्सनं चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी मापांचे कडक निकष लावले. जर्मनीत काहींनी पगमध्ये टेरियरचं रक्त आणून लांब नाकाचा पग घडवायचा प्रयत्न चालवला आहे. आपल्याकडे तमिळनाडूनं २०२४ साली जाहीर केलेल्या श्वान पैदास धोरणात इथल्या हवेला न सोसणाऱ्या जातींची पैदास थांबवण्याची यादी दिली, त्यात पगचं नाव होतं.

पाळणाऱ्यांचं म्हणणं असं, की बंदीनं पैदास थांबणार नाही, ती लपूनछपून होईल. ते खोटं नाही. पण पगबद्दलचा पुरावा इतका एकाच दिशेचा आहे, की कोल्हापूरच्या हवेत पग घ्यावा असं मला म्हणवत नाही. शित्झू घ्यायचा तर नाकपुड्या मोकळ्या असलेल्या आईचा. छोटं कुत्रंच हवं असेल आणि वेळ कमी असेल, तर चांगल्या घरातला इंडियन स्पिट्झ हा सर्वात शहाणपणाचा पर्याय. हौस फिटल्यावर सोडून दिलेली छोट्या जातीची मोठी कुत्रीही आज दत्तक मिळतात, आणि त्यांच्या बाबतीत एक फायदा असा, की गुडघे, श्वास, स्वभाव सगळं डोळ्यांसमोर असतं. काही लपत नाही.

पिल्लू घ्यायचंच असेल तर चार गोष्टींवर तडजोड करू नका. आई बघितल्याशिवाय नाही. आठ आठवड्यांच्या आत नाही. नोंदणी, चिप, लसकार्ड आणि पावती यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर नाही. आणि आपल्या डॉक्टरानं तपासण्याआधी पूर्ण पैसे नाहीत. या चार अटी मान्य करणारा ब्रीडर कोल्हापुरात न मिळाला तर सांगली, बेळगाव, पुणे बघा, सहा महिने थांबा. कुत्रं बारा-चौदा वर्षं घरात राहणार आहे, त्याच्यासाठी सहा महिने थांबणं जड नाही.